शेरा शेवटी

"बाई, अजून किती वेळ?" साहेबांनी दारातूनच विचारलं. "बाहेरची माणसं आता दार मोडायच्या बेतात आहेत."

"फाइल आलीय, साहेब. पण सगळी एकाच ओळीत आलीय."

"मग छापा की."

तिनं प्रिंटरवरचा कागद त्यांच्या हातात दिला. कागदावर सगळ्यात वर एकच ओळ होती. त्या ओळीत अडीच नावं होती आणि खाली पांढरा कागद. कागदाच्या कडेला पोचल्यावर त्या जुन्या प्रिंटरनं पुढचं सगळं सोडून दिलं होतं. यादीत एकशे त्रेचाळीस माणसं होती.

काल संध्याकाळी पलीकडच्या काठावरून निघालेली लाँच जलाशयाच्या मध्यावर उलटली होती. बचाव केंद्र पलीकडे, नातेवाईक अलीकडे, आणि मधला फोन लागला तर लागला. केंद्रानं जी नावं जमवली ती सकाळी साडेआठला या कचेरीच्या संगणकावर येऊन पडली. पण पलीकडच्या यंत्राची ओळ संपल्याची खूण अलीकडच्या यंत्राला कळत नसे. दोन कचेऱ्यांचं जसं एकमेकांशी पटत नाही, तसंच त्यांच्या यंत्रांचंही. वाटेत त्या खुणा गळून पडत आणि सगळा मजकूर एकमेकाला चिकटून येई.

चिकटलेल्या ओळी सुट्या करायच्या हे काम कचेरीत तिला एकटीलाच येत होतं. तिला सगळे यंत्रबाई म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी टंकलेखक म्हणून लागली तेव्हा तिला नाव होतं, पण मशीन जाऊन संगणक आले, खिडक्या-चित्रांचे संगणक आले, आणि ही बया मात्र अजून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवते म्हणून कुणीतरी गमतीनं हे नाव ठेवलं. ते टिकलं. तिच्या खणात आज्ञांची एक वही होती. कुठल्या अक्षरामागे नवी ओळ कशी घालायची, लागोपाठच्या रिकाम्या ओळी कशा काढायच्या, असलं सगळं तिनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. ती रजेवर गेली की साहेब त्या वहीकडे भीतीनं बघत आणि वही खणात ठेवून देत.

"दुसरं कुणी असतं ना," साहेब खाली बघत म्हणाले, "तर आज तुम्हाला इथं बसवलंच नसतं."

"माहीत आहे, साहेब."

तिचा नवरा त्या लाँचवर होता. तो पंप दुरुस्त करायचा. पलीकडच्या पाणीपुरवठ्याचा पंप दोन दिवस बसला होता. तो चालू करून सहाच्या लाँचनं निघतो, असा त्याचा फोन आला होता. वर म्हणाला होता, मला जेवायला थांबू नका, माझा काही भरवसा नाही. हे तो गेली तीस वर्षं म्हणत आला होता आणि मायलेकी दरवेळी थांबत होत्या.

साहेब गेल्यावर तिनं करायला नको होतं ते आधी केलं. शोधायची आज्ञा दिली आणि पुढे नवऱ्याचं नाव लिहिलं. हाताकडून दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं.

ही आज्ञा ज्या ओळीत नाव सापडेल ती ओळ दाखवते. पण इथे ओळ एकच होती. नाव सापडलं म्हणून यंत्रानं इमानदारीत अख्खी फाइल तिच्यापुढे ओतली. पडदा वरपासून खालपर्यंत माणसांनी भरला. ती खुर्चीवरून पुढे झाली, पडद्यावर बोट ठेवून वाचत गेली. आडनाव, नाव, वय. दोन चांदण्यांच्या, म्हणजे ताऱ्यासारख्या चिन्हांच्या, मध्ये एक खूण. जिवंत असेल तर 'जि', नसेल तर 'मृ'. परत आडनाव, नाव, वय.

आणि तो सापडला. वय एकोणसाठ. नावाच्या अलीकडे खूण होती 'मृ'. पलीकडे खूण होती 'जि'.

यातली त्याची कुठली?

तिनं केंद्राला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. गुणगुण आवाज आला आणि तुटला. बाहेर कुणीतरी दारावर हात आपटत होतं. शिपाईमामा ओरडून सांगत होते, "येतेय, यादी येतेय, जरा दमानं घ्या."

तिनं स्वतःला समजावलं. शेरा नेहमी शेवटी असतो. सव्वीस वर्षं तिनं जेवढे तक्ते टंकले, हजेरीचे, बदल्यांचे, रजेचे, त्यात आधी क्रमांक, मग नाव, मग बाकीचं, आणि शेऱ्याचा रकाना अगदी शेवटी. कुठल्या कचेरीनं शेरा आधी लिहिलाय आजवर? म्हणजे नावाच्या पुढची खूण त्याची. तिनं आज्ञा लिहिली: 'जि' किंवा 'मृ' दिसलं, त्यानंतरची चांदणी आली, की तिच्यापुढे नवी ओळ घाल. बॅकस्लॅश, एन, म्हणजे नवी ओळ. एंटर.

डोळ्यांची पापणी लवायच्या आत माणसं एकाखाली एक उभी राहिली. किती नीटस दिसत होतं ते. नाव, वय, शेरा. नाव, वय, शेरा. फक्त पहिल्या ओळीत नाव नव्हतं, नुसतं 'जि' होतं एकटंच. वाटेत काहीतरी कचरा आला असणार असं ती मनाशी म्हणाली आणि पहिली ओळ तिनं उडवून टाकली. शेवटच्या नावाला शेराच नव्हता. विसरलं असेल कुणी, त्यांची तरी काय अवस्था असेल तिकडे. ओळींना क्रमांक घातले. नवरा बेचाळीस नंबरला आला. जि.

तिला रडू फुटलं. तोंडावर पदर धरून ती एक मिनिट तशीच बसली. मग मामांना हाक मारली, छापलेले तीन कागद दिले, आणि खिडकीची झडप उघडून बाहेर पायरीवर बसलेल्या मुलीला म्हणाली, "आहेत गं. बाबा आहेत."

मुलीनं उठून खिडकीच्या गजांतून हात आत घातला, आईचा दंड धरला आणि धरूनच राहिली.

फळ्यावर यादी लागली तसा बाहेर जो आवाज उठला तो ऐकवत नव्हता. काही माणसं नाचल्यासारखी करत होती, काही खाली बसत होती, आणि दोन्ही प्रकारची एकमेकांच्या अंगावर पडत होती. यादीतलं एक्केचाळिसावं नाव एका शिक्षिकेच्या भावाचं होतं. त्याच्यापुढे 'मृ' होतं. जाड चष्म्याची ती बाई फळ्याजवळून मागे आली ती थेट भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली, आणि भावाचं नाव घेऊन असं ओरडली की साहेबसुद्धा केबिनमधून बाहेर आले. यंत्रबाईनं खिडकीतून पाहिलं. तिची मुलगी त्या बाईजवळ गेली होती. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या तोंडावरून फिरवत होती. स्वतःचं माणूस वाचलेलं असलं की दुसऱ्याला धरायला अंगात बळ येतं. आईला लेकीचा अभिमान वाटला.

साडेअकराला खिडकीत एक म्हातारा आला.

"बाई, जरा बघता का? माझा नातू यादीत शेवटचा आहे. त्याच्यापुढं काहीच नाही."

"लिहायचं राहिलं असेल हो, आजोबा."

"राहिलं म्हणजे? एवढ्या सगळ्यांचं लिहिलं आणि त्याचंच राहिलं?" म्हातारा चिडलेला नव्हता. गज धरून उभा होता, एवढंच. "जि नाही, मृ नाही. मग मी काय समजायचं? घरी सून विचारतेय. तिला काय सांगू, मधेच आहे म्हणून?"

"थांबा. मूळ फाइल बघते."

शेवट पाहिला. नाव, वय एकोणीस, आणि मजकूर संपला. मग कशाला कोण जाणे, ती सुरुवातीला गेली. चांदणी, जि, चांदणी, आणि मग पहिलं नाव.

तो कचरा नव्हता.

तिनं फोन उचलला. तिला वाटत होतं लागू नये. पहिल्याच खेपेला लागला.

"हो हो, आधी खूण, मग नाव," पलीकडचा वायरलेसवाला म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "वायरलेसवर आम्ही तसंच बोलतो, ताई. पुढं नाव ऐकू आलं नाही तरी मोजदाद तरी चुकत नाही. का, काय झालं?"

"काही नाही. शेवटचा मुलगा…"

"एकोणीस वर्षांचा ना? आहे, आहे. भज्यासारखा फुगलाय पाणी पिऊन, पण आहे. आताच मला शिव्या देऊन गेला, बूट हरवले म्हणून."

तिनं रिसीव्हर ठेवला. "आजोबा, तुमचा नातू आहे. जिवंत आहे." म्हाताऱ्यानं कपाळ गजांवर टेकलं आणि तो निघून गेला.

आता खोलीत ती एकटी होती, आणि झालेली गोष्ट फक्त तिला माहीत होती. सगळे शेरे एक घर वर सरकले होते. लागोपाठ 'जि' असतील तिथे फरक पडला नव्हता. जिथे 'जि' संपून 'मृ' लागत होतं, किंवा 'मृ' संपून 'जि', तिथे तिनं एकाचा मृत्यू उचलून दुसऱ्याच्या नावावर लिहिला होता. एक्केचाळीस नंबरला जे 'मृ' होतं ते बेचाळीसचं होतं.

तिला खोटं बोलायचं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं होतं. फक्त संध्याकाळपर्यंत. पोरगी कालपासून उपाशी आहे, तिला काहीतरी खाऊ दे. केंद्रवाले दुसरी यादी पाठवतीलच, तेव्हा आपोआप कळेल. मी कुठे कुणाचं वाईट चिंतलं? शेरा शेवटी असतो, सगळीकडे असतो. तिला हेही कळत होतं की पहिल्या ओळीतलं ते एकटं 'जि' कुठल्याही दुसऱ्या दिवशी तिला खटकलं असतं. सव्वीस वर्षांत तिनं न बघता काही उडवलं नव्हतं. आज उडवलं, कारण ठेवलं असतं तर त्याचा अर्थ लावावा लागला असता.

बाहेर ती शिक्षिका आता ओरडत नव्हती. हुंदका आला की नुसती हलत होती. मुलीनं तिचं डोकं खांद्यावर घेतलं होतं.

यंत्रबाईनं वळून आज्ञा परत लिहिली. खुणेच्या नंतर नाही, खुणेच्या आधी. दोन अक्षरं इकडची तिकडे केली, बाकी सगळं तेच. दोन्ही याद्या शेजारी ठेवून फरक विचारला. यंत्रानं आकडा सांगितला: अडतीस. एकोणीस घरं इकडून तिकडे, एकोणीस घरं तिकडून इकडे. शिवाय म्हाताऱ्याचा नातू.

साहेबांनी नवे कागद पाहिले. "बाई, आता हे लावलं तर लोक आपल्याला फाडून खातील."

"खाऊ देत."

"अहो, काहीजण घरी गेलेत. आनंदानं गेलेत."

"त्यांच्याकडे मामांना पाठवा. जीप द्या. पत्ते मी काढून ठेवलेत."

साहेब कागद उलटत होते. एका पानावर थांबले. त्यांनी वर पाहिलं. "बेचाळीस तुमचे ना?"

"हो."

त्यांनी कागद सारखे करून हातातच ठेवले. "राहू देत इकडेच. मी वाचतो. तुम्ही आत बसा."

"चूक माझी आहे, साहेब. मीच वाचते."

ती पायरीवर येऊन उभी राहिली तेव्हा लोकांना वाटलं आणखी काही नावं मिळाली. सगळे सरसावले. मुलगीही बघायला लागली, तिच्या मांडीवर त्या शिक्षिकेचा हात होता, आपल्या दोन्ही हातांत तिनं तो धरला होता.

"सकाळची यादी चुकली," यंत्रबाई म्हणाली. आवाज चिरका आला म्हणून ती थांबली आणि परत बोलली. "सकाळची यादी चुकली. ती मी केली होती. शेरे एका माणसाचे दुसऱ्याला लागले. आता बरोबर वाचते. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐका."

कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी त्याला गप्प केलं. ती वाचू लागली. नाव, वय, जिवंत. नाव, वय, मृत. चौथ्या नावाला एक बाप खाली वाकला आणि उठलाच नाही. अकराव्याला एक पोरगी धावत रस्त्याकडे सुटली. यंत्रबाई कागदावरून डोळे न काढता वाचत होती, घाई नाही, थांबणं नाही, जसं कुणी सांगितलेलं उतरवून घ्यावं तसं.

"एक्केचाळीस," ती म्हणाली आणि त्या भावाचं नाव घेतलं. "वय चौतीस. जिवंत."

शिक्षिकेनं मान वर केली. तिला लगेच कळलं नाही. मग कळलं.

"बेचाळीस." तिनं नवऱ्याचं नाव पूर्ण घेतलं, आडनावासकट. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत घेतलं. "वय एकोणसाठ. मृत."

मुलीनं हातातला तो हात घट्ट आवळला. शिक्षिका उठून जाईल असं सगळ्यांना वाटलं. तिचा भाऊ जिवंत होता, पलीकडे होता, आणि पहिली बोट बाराला होती. ती उठली नाही. आपला हात त्या पोरीच्या हातांत होता तो तिनं तसाच राहू दिला, आणि दुसरा हात त्यांच्यावर ठेवला.

"त्रेचाळीस," यंत्रबाईनं पुढे वाचलं.