हिरवी चोरचोळी

घरात कोणाला दिवस गेलेत हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. मी हे फुशारकी म्हणून सांगत नाही. माझ्या लेकीच्या वेळी कळलं, दोन्ही पुतणसुनांच्या वेळी कळलं, शेजारच्या बिल्डिंगमधल्या मद्रासी बाईच्या वेळी तर तिला स्वतःला कळायच्या आधी कळलं. चौथीत माझी शाळा सुटली, पण बाईच्या अंगाकडे बघायला पाटी-पेन्सिल लागत नाही.

आमच्याकडे, म्हणजे मांजरीत, रीत अशी की तिन्हीसांजेला देवापुढचा दिवा सुनेनं लावायचा. तिला अडचण आली की तेवढे दिवस सासूनं लावायचा. शेफाली लग्न होऊन आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. वाघोलीची मुलगी, खराडीला मोठ्या कंपनीत नोकरी. मला वाटलं आता ही वाद घालणार. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. ती म्हणाली, "बरं आई. तेवढेच चार दिवस मला सुट्टी." माझी सगळी उत्तरं वाया गेली.

आणि सून तरी कशी! ठरल्यासारखी दर खेपेला गुरुवारीच म्हणायची, "आई, आज दिवा तुम्ही लावा." बुधवार नाही की शुक्रवार नाही. दत्तमहाराजांचा वार. मला तर हा प्रसादच वाटला. माझी धाकटी जाऊ कौशल्या भिंतीपलीकडे राहते. तिची सून संस्कृती कायम कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या बाकावर. मी भिंतीवरून ऐकवायची, "आमच्या शेफालीचं अंग बघ. घड्याळ लावून घ्यावं." चार वर्षं मी हे घड्याळ गावभर मिरवलं. ते कुठल्या कंपनीचं होतं, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

घड्याळ चालत होतं, नातवंड येत नव्हतं. मी ऋषीला, म्हणजे माझ्या मुलाला, बोलायची. तो म्हणायचा, "बघू." त्याचे वडील पेपरच्या आडून म्हणायचे, "बघतील." मग मी गुरुवार धरले, उपवास सुरू केले.

संक्रांतीनंतर मात्र शेफालीचा दिवा काही सुटेना. गुरुवार आले, गेले. शिवरात्र झाली, होळी झाली, पोरगी रोज संध्याकाळी देवघरात हजर. हनुवटीवर फोड उठलेले. सकाळी डोकं धरून बसायची, चहाचा वास नको म्हणायची, कामावरून आली की बॅग खांद्यावर असतानाच झोपायची. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले.

तोंडानं मात्र अवाक्षर काढलं नाही. आमच्यात तिसरा महिना होईपर्यंत त्या गोष्टीचं नाव घेत नाहीत, नजर लागते. बोलायचं नाही, फक्त करायचं. तिसऱ्या महिन्यात सासूनं हिरवी साडी-चोळी आणायची आणि कोणाला न बोलावता गुपचूप सुनेची ओटी भरायची. हीच चोरचोळी. सासू काही सांगत नाही, सून काही विचारत नाही. दोघींना कळलेलं असतं.

आमच्याही बाबतीत दोघींना कळलं होतं. फक्त वेगवेगळं.

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवली आणि मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं. पाटावर बसवून ओटी भरली. तांदूळ, शेंडीचा नारळ, खण, हिरवी साडी. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पाडव्याची साडी? थँक्यू आई, कलर मस्त आहे." मी म्हटलं, काय पोरगी आहे, रीत माहीत नाही म्हणे आणि सोंग किती झकास वठवते!

गुपचूप करायचं म्हणजे गुपचूपच केलं मी. फक्त कौशल्येला सांगितलं. तेही भिंतीपाशी, कुजबुजत. तिला ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

पुढच्याच रविवारी कौशल्या पदराखाली कैऱ्या घेऊन हजर. शेफाली कॉटवर पाय सोडून बसली होती. कौशल्येनं आधी तिची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली, मग म्हणाली, "पाय लोंबते सोडू नगंस बाई. तिसऱ्यात जपावं लागतंय."

"तिसऱ्यात? कसल्या?"

"आता माझ्याम्होरं कशाला लपवतीस? मी काय परकी हाय का?"

शेफालीनं कैऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून दोरीवर वाळत घातलेल्या हिरव्या साडीकडे बघितलं. पोरगी हुशार आहे, तिला फार वेळ लागला नाही. तशीच उठली आणि न्हाणीघरात गेली. मी कौशल्येला म्हटलं, "उलटी होत असेल." कौशल्या समाधानानं घरी गेली.

शेफाली बाहेर आली ती मुठीत केसांचा पुंजका घेऊन. नारळाच्या शेंडीएवढा.

"हे आजचे, आई. रोज एवढे जातात." तिनं ते माझ्यासमोर टेबलावर ठेवले. "मला दिवस गेलेले नाहीत. घरी तीनदा टेस्ट केली. मी गोळ्या घेत होते. मूल होऊ नये म्हणून. चार वर्षं. संक्रांतीला बंद केल्या."

मला पहिल्यांदा काय आठवावं? गुरुवार.

"अगं, मग दर गुरुवारी यायची ती?"

"ती पाकिटाची होती. पाकीट रविवारी संपायचं, की गुरुवारी यायची. माझी स्वतःची अशी ती नव्हतीच."

"आणि मी तुझ्यासाठी चार वर्षं गुरुवार धरलेत!"

"माहितीये. खिचडी मीच करून देत होते ना तुम्हाला."

एका हातानं गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हातानं सासूच्या उपवासाची खिचडी परतायची! मला राग आला, आणि खरं सांगते, थोडं कौतुकही वाटलं. पण राग मोठ्यानं आला. म्हटलं, "घरात सांगायची काही पद्धत? मी इथं हिरव्या चोळ्या वाटत बसलेय!"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही घेऊ दिल्या असत्या?" आता तिचा आवाज फुटला. "आता आम्हालाच बाळ हवंय म्हणून बंद केल्या, तर सगळं अंगच बंद पडलं. डोकं दुखतं, तोंड बघवत नाही, रात्र रात्र घाम येतो. पाळीचा पत्ता नाही. ऑफिसात म्हणतात स्ट्रेस आहे. ऋषी म्हणतो नेटवर वाचू नकोस. कंपनीजवळच्या दवाखान्यात गेले, तर त्यांनी वर मान न करता तीच गोळी पुन्हा लिहून दिली. म्हणे, घ्या, येईल पाळी. गोळी सोडली म्हणून गेले आई, आणि गोळी घेऊन आले. मला पुन्हा ते पाकिटाचं नकोय. मला माझं यायला हवंय. आणि ते येणारच नसेल तर?"

ती रडायला लागली. मी तिथून उठून गेले. मला समोर रडलेलं चालत नाही, पोळ्या करपतात.

पुढचे दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. न बोलता तिला आळिवाची खीर दिली, न बोलता शेपू केला, न बोलता डोक्याला तेल लावलं. तेल लावताना माझ्या बोटांत केस येत होते. मी ते तिच्या नकळत पदराला पुसत होते. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "चल. हडपसरला एक डॉक्टरीणबाई आहे. ती मान वर करून बघते, असं ऐकलंय."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "गोळ्या सुरू करायच्या आधी पाळी कशी होती?"

शेफाली म्हणाली, "कधी कधी दोन-दोन महिने यायची नाही."

मी तिच्याकडे बघितलं. आम्ही स्थळ बघायला गेलो होतो तेव्हा पोहे मुलीनं केलेत हे तिच्या आईनं तीन वेळा सांगितलं होतं. हे एकदाही नाही.

"म्हणजे बघा आजी," बाई मला म्हणाल्या, "सगळंच काही गोळीनं बिघडवलेलं नाही. आधीपासून जे होतं ते गोळीनं झाकून ठेवलं होतं, ते आता उघडं पडलं. शिवाय गोळी सोडल्यावर शरीराला आपलं आपण चालायला वेळ लागतो. रक्त तपासू, थायरॉइड बघू, सोनोग्राफी करू. केसांनाही वेळ द्यावा लागेल. आणि मिस्टरांचीही तपासणी करून घ्या."

"त्याला काय झालंय?" मी म्हटलं.

"तेच तपासल्यावर कळेल."

बाई मला जरा आगाऊच वाटल्या. पण पुन्हा त्यांच्याकडेच जायचं, हे मी तिथंच ठरवलं.

येताना आम्ही रिक्षा केली. कालवा ओलांडताना मी तिला म्हटलं, "हे बघ, खडकवासल्याचं पाणी बरेच दिवस बंद ठेवलं आणि मग सोडलं, तर ते आपल्या शेवटच्या वावरात त्याच दिवशी पोचायचं का? मधे गाळ असतो, गवत असतं. तुझे सासरे खोरं घेऊन कडेला बसून राहायचे. पण पाणी यायचं."

"आणि नाही आलं तर?"

"तर खोरं घेऊन वर जायचं आणि कुठं अडलंय ते बघायचं. आज तेच केलं की आपण."

ती पहिल्यांदा हसली. तेव्हा तिचे दात फार सुरेख आहेत हे मला चार वर्षांनी कळलं.

रक्तात थायरॉइडचं निघालं, त्याची गोळी सुरू झाली. ही दुसरी गोळी, याची मी दोनदा खात्री करून घेतली. सोनोग्राफीत काही छोट्या गाठी दिसल्या. घाबरायचं नाही, चालायचं, वेळेवर जेवायचं, असं बाई म्हणाल्या. मग आम्ही दोघी संध्याकाळी उसाच्या कडेनं चालायला लागलो. लोकांना वाटायचं सासू सुनेला जपून फिरवते आहे. ते खरंच होतं, पण लोकांना वाटत होतं त्यासाठी नाही.

कौशल्या बोटांवर महिने मोजत होती. एक दिवस दुपारी आली आणि पाय दुमडून बसली. तिचं असं बसणं म्हणजे काहीतरी घेतल्याशिवाय उठणार नाही.

"अक्का, पाचवा लागंल आता. डोहाळजेवणाचं काय ठरलं? समदी विचारत्यात."

"कोण समदी?"

"समदीच." मग तिनं आवाज खाली आणला. "पोट काय दिसंना म्हणून म्हणते. का काही... पडलं का? तसं असंल तर सांगा. त्यात लपवायचं काय? व्हतंय बायकांचं."

अगदी आयती वाट होती. नुसती मान हलवायची. मग माझा शब्द राहत होता: मी म्हटलं तसे दिवस होते, देवानं नेलं, संपलं. चार बायका येऊन हळहळल्या असत्या आणि माझी नजर अजून पक्की आहे म्हणाल्या असत्या.

शेफाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. गळती दिसू नये म्हणून तिनं केस खांद्यापर्यंत कापले होते. ती माझ्याकडे बघत होती. माझी मान हलली असती तर जे तिच्या पोटात कधी नव्हतंच, ते गेल्याचं ओझं पोरीला गावात जन्मभर वागवावं लागलं असतं. प्रत्येक ओटीत, प्रत्येक बारशात मागून कुजबुज आली असती.

"दिवस गेलेच नव्हते," मी म्हटलं.

कौशल्येचे डोळे चमकले. असा दिवस तिच्या आयुष्यात कितीदा येणार? "अगं बया! मग चोरचोळी केली ती?"

"ती दुखण्याची." मला स्वतःलाच माहीत नव्हतं मी पुढे काय बोलणार आहे. पण माझी जीभ मला कधी दगा देत नाही. "पोरीची तब्येत बरी नाही. औषध चालू आहे. सून दुखण्याला पडली की आपल्या घरात हिरवी चोळी करतात. अंगाला उभारी येते."

"आपल्या घरात? मी न्हाई का या घरात? बाळंतपणानंतर वरीसभर कंबर धरून व्हते. सासूबाईंनी मला कवा केली न्हाई ती!"

"तुला नसेल केली," मी म्हटलं. "तुझ्यावर जीव जरा बेताचाच होता त्यांचा."

दारातल्या ट्रेमध्ये कपबश्या वाजल्या. शेफालीनं तोंड फिरवून घेतलं. तिचे खांदे हलत होते आणि या वेळी ती रडत नव्हती.

कौशल्येनं चहा घेतला. दोन बिस्किटं बुडवून खाल्ली. मग उठता उठता, दुसरीकडेच बघत म्हणाली, "नारळ लागतो का त्याला?"

"शेंडीचा," मी म्हटलं.

आठवड्यानं कळलं की कौशल्येनं संस्कृतीची चोळी केली. अर्धशिशीसाठी. वर सगळ्यांना सांगितलं, आमच्या सासूबाईंची जुनी रीत आहे, माझ्यावर फार जीव होता त्यांचा. आता मांजरीत कोणाची सून आजारी पडली की हिरवे खण विकत घेतात असं ऐकते. मी कशाला मधे बोलू?

ज्येष्ठात एका मंगळवारी शेफाली कामावरून आली, चप्पलसुद्धा न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आज दिवा तुम्ही लावा."

मंगळवार! ना दत्ताचा ना पाकिटाचा. तिचा स्वतःचा.

एकदा आली म्हणजे सगळं झालं असं समजू नका, बाईंनी फोनवर बजावलं. खरंच आहे. तिची हनुवटी अजून फुललेली असते, न्हाणीघराच्या जाळीत अजून केस अडकतात, पुढच्या खेपेला पाणी पोचेल की पुन्हा खोरं घ्यावं लागेल ते आम्हाला माहीत नाही. ऋषी तपासणीला जातो जातो म्हणतोय. या शनिवारी मीच सोबत जाणार आहे.

पण त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि शिरा केला, तूप सढळ हातानं. वास भिंतीपलीकडे गेलाच. कौशल्येनं मान वर काढली.

"अक्का, काय विशेष?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि ते तेवढंच म्हटलं. एकदाच, आणि हळू आवाजात.