साळूबाईचं रडं

"गेलेले यजमान तुमच्याशी बोलतात?" डॉक्टरांनी विचारले.

"बोलत्यात ना," साळूबाई म्हणाली. "नाय बोलून कसं चालंल?"

"कधी बोलतात?"

"दुपारच्याला. मी साद घालते, मंग त्यांना यावंच लागतंय."

"काय म्हणतात?"

"पानी मागत्यात."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर करून तिच्या मुलाकडे, दत्तारामकडे पाहिले. मुंबईला शिकलेला तरुण डॉक्टर, महाडात येऊन त्याला सहा महिनेही झाले नव्हते. त्याचा काय दोष? त्याला कुणीतरी सांगायला हवे होते, आणि सांगू शकणारा माणूस तिथे खुर्चीवर बसलाच होता.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, साळूबाईच्या वाडीकडे, माणूस गेले की घरच्या बाया वर्षभर हेल काढून रडत. गेलेल्याला समोर बसल्यासारखी हाक मारायची, टाकून गेलास म्हणून भांडायचे, त्याच्या तोंडचे शेवटचे शब्द बोलून दाखवायचे. याला तिकडे नुसते 'रडं' म्हणत. साळूबाईचे रडं आसपासच्या वाड्यांत नावाजलेले होते. कुणाकडे मयत झाली की तिला मुद्दाम बोलावणे येई, आणि तिने तोंड उघडायची खोटी, दगडासारखे बसलेले बाप्येही डोळे पुसू लागत. आता तिचा स्वतःचा नवरा, महिपती, मार्गशीर्षात तापाने गेला होता. पाणी मागून, तांब्या येईपर्यंत गेला होता.

हे सगळे सांगायला दत्तारामला दोन मिनिटे पुरली असती. पण तो मामलेदार कचेरीतला कारकून. शर्टाला इस्त्री, बोलणे पुणेरी, आणि खेड्यातले काहीही अंगाला चिकटून राहिलेले नाही याबद्दल मनातून समाधान. बाप गेल्यावर त्याने महाडच्या बिऱ्हाडी आणलेली आई दुपारी दारात बसून गळा काढी तेव्हा आळीतली माणसे थबकून बघत. घरमालकीण गोदावरीकाकू तर परवाच म्हणाल्या होत्या, "दत्ताराम, लेक बाळंतपणाला आलेली आहे हो. ती दचकते. आईंना कुणाला तरी दाखवा." त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

"हो," तो डॉक्टरांना म्हणाला. "एकटीच बोलते. रोज."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. नवीनच निघाल्यात, मुंबईच्या मोठ्या इस्पितळांतून हल्ली ह्याच देतात, म्हणाले.

आठ दिवसांत घर शांत झाले. साळूबाई दुपारी दारात बसे, पण नुसतीच. "बघा, किती छान गुण आला!" गोदावरीकाकू म्हणाल्या. दत्तारामची बायको चंद्रभागा मात्र खूश नव्हती. पोळपाटावर पोळी तशीच ठेवून ती एकदा म्हणाली, "आत्याबाईंचा चेहरा पाहिलात का तुम्ही? मी मघाशी हात भाजून ओरडले, तर माझ्याकडे बघत राहिल्या. एरवी आधी धावल्या असत्या."

"वय झालं आता," दत्ताराम म्हणाला. सोयीचे उत्तर होते.

पावसाळा सरेपर्यंत साळूबाईचे हात कापू लागले. अंगठा आणि बोट एकमेकांवर असे घासत की भाताचा दाणा चुरडून बघते आहे असे वाटावे. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येई. पावले उचलायच्या ऐवजी ओढू लागली, आणि तरी बसवेना. खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिवसभर येरझारा. दत्तारामने जाऊन हे सांगितले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजार बळावतोय, आणि एकाच्या दोन गोळ्या केल्या.

त्या संध्याकाळी तो गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहिला, तर तिने तोंड उघडले नाही.

"दत्ता, गोली नको रे."

"आये, तुझ्या भल्यासाठीच आहे."

"मला रडं येत नाय." ती हळूहळू बोलत होती, एकेक शब्द जडशीळ करून. "तुझ्या बापाचं तोंड दिसतंय, पन आत कायच हलत नाय. वरीस आलंय जवळ. तुझा हैबतीमामा येईल दुखवटा घेऊन. तवा मी काय करू?"

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला बाईचा भाऊ दुखवट्याचे लुगडे घेऊन येतो. बहीण त्याच्या गळ्यात पडून शेवटचे रडते, मग तो तिच्या अंगावर लुगडे घालतो आणि तिथे वर्षाचे दुःख मिटते. त्यानंतर बाईने रडायचे नाही. त्या एका रडण्यात जे सांगायचे राहिले असेल ते सगळे सांगून टाकायचे असते. साळूबाई वर्षभर त्याच दिवसाकडे डोळे लावून होती. दत्तारामला हे सगळे ठाऊक होते.

"येईल गं तोवर," तो म्हणाला. "घे आता."

तिने घेतली. मुलगा शिकलेला होता, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते असे तिला शेवटपर्यंत वाटत राहिले.

वर्षश्राद्धाला निघताना त्याने सकाळची गोळीही दिली. एस.टी.त चारचौघांत काही नको, एवढाच विचार. पोलादपूरला उतरून चढणीची वाट धरली. नेहमी तासाभरात होणारी वाट, त्या दिवशी तीन तास लागले. दत्ताराम आईला दंडाला धरून नेत होता आणि तो दंड लाकडासारखा लागत होता.

अंगणात बायका जमल्या होत्या. भटजींचे आटोपले, पाने उठली. मग हैबती कुंपणाचे बेडे ढकलून आत आला. काखेत लुगड्याची घडी, डोईला पांढरे मुंडासे. त्याने बहिणीला पाहिले आणि तिथूनच हंबरडा फोडला.

"अगो साळू! सोन्यासारका मानूस गेला गो!"

तो येऊन तिच्या गळ्यात पडला. बायकांनी पदर डोळ्यांशी नेले. साळूबाईचे रडं ऐकायला दोन वाड्या खाली करून माणसे आली होती.

साळूबाई उभी राहिली. चेहरा कोरा. तिने तोंड उघडले. "अवं..." म्हणाली, आणि पुढे काही आले नाही. बाजारात भाजीवाल्याला हाक मारावी तसे ते 'अवं' हवेत राहिले. पुन्हा उघडले, पुन्हा तेच.

हैबतीचे रडणे थांबले. त्याने हात काढून घेतले आणि तो दोन पावले मागे सरला.

"महाडचं पानी लागलं," म्हातारी प्रयागबाई कुणाला तरी म्हणाली. तिने आवाज खाली केला नाही. "नवरा मेला तरी डोला कोरडा."

दत्ताराम पुढे झाला. "मामा, तिचा दोष नाही. मी... ते औषध..." पण कुणाला काय कळणार होते? चाळीस वर्षे सगळ्या खोऱ्याची दुःखे वाहिलेली बाई स्वतःच्या दुःखाच्या दिवशी मुकी झाली होती, आणि ती त्याने केली होती. त्याला जमीन फाटून आत घेईल तर बरे असे वाटले.

साळूबाईने त्याच्याकडे मान वळवली. मान वळायलाही वेळ लागला.

"दत्ता, तू रड," ती म्हणाली. "माझ्या वाटचं. मी सांगते, तू म्हन."

तिने थरथरता हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला हैबतीसमोर उभे केले.

"म्हन, अवं, वरीस झालं."

"अवं..." दत्ताराम म्हणाला. "वरीस झालं." आणि इतकी वर्षे जपलेले पुणेरी बोलणे मोडून त्याच्या गळ्यातून असा आवाज फुटला की हैबतीने धावत येऊन त्याला धरले.

"म्हन, भात झोडून झाला. गोठ्यातल्या कालीला पाडी झाली, तुमच्यावानी कपालाला चांद हाय तिच्या."

तो म्हणाला. हेल काढता येत नव्हता, पण म्हणाला. प्रयागबाईने पदर तोंडात कोंबला. एकेक करून सगळे अंगण रडू लागले, एक साळूबाई सोडून.

"म्हन, मी रडले नाय म्हनून राग धरू नका."

दत्तारामने तोंड उघडले. ते वाक्य काही केल्या त्याला म्हणता येईना.

साळूबाई थांबली. पदराच्या टोकाने तिने ओठाच्या कोपऱ्यातली लाळ टिपली. मग त्याच सपाट आवाजात, घाई न करता, पुन्हा सांगितले, "म्हन रे, पोरा."