आबा हलवले

"आबा हलवले," ती मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

"कुठे हलवले?" कंट्रोलरसाहेबांनी विचारलं. "दवाखान्यात हलवले का?"

मुलीने मान जोरजोरात हलवली आणि त्यांच्याकडे असं बघितलं, की साहेबांनी बिचाऱ्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. ती त्यांच्या टेबलावर, गाड्यांच्या वेळापत्रकाच्या जाड वहीवर बसली होती. तीन वर्षांची असेल. निळा फ्रॉक, एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. दहा मिनिटांपूर्वी एका कंडक्टरला ती सहा नंबरच्या फलाटाजवळ एकटी फिरताना दिसली होती. तो तिला उचलून थेट बसस्टँडच्या कंट्रोल रूममध्ये घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि "माझी गाडी सुटतेय साहेब" म्हणून निघूनही गेला.

काचेच्या पलीकडे माईकसमोर बसलेली बाई हे सगळं ऐकत होती. स्टँडवर सगळे तिला माईकबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिचा आवाज त्या स्टँडवर घुमत होता. न आणि ण, श आणि ष यांत तिच्या तोंडी कधी गल्लत झाली नव्हती. शाळेतले एक मास्तर तर आपल्या वर्गाला मुद्दाम फलाटावर उभं करून म्हणत, "ऐका, असं बोलायचं असतं." सर्दी झाली तर ती घरी राही, पण नाकातून घोषणा करत नसे.

तिने दोनदा नियमाप्रमाणे पुकारलं होतं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. निळा फ्रॉक घातलेली, अंदाजे तीन वर्षांची मुलगी नियंत्रण कक्षात सुखरूप आहे. पालकांनी त्वरित संपर्क साधावा." कोणी फिरकलं नाही.

"बाई, जरा इकडे या," साहेबांनी काचेवर टकटक केली. "तुमच्या घरी नातू आहे. तुम्हीच विचारा. माझी मुलं कधी लहान होती तेच मला आठवत नाही."

ती बाहेर आली, खुर्ची ओढून मुलीच्या समोर बसली. "तुझं नाव काय गं?"

"नमुका."

"नमुना?" साहेब म्हणाले. "नमुनाच आहे खरी."

"नमुना नाही!" मुलगी ओरडली. "न-मु-का!"

"बरं बरं, नमुका. तुला काय हवंय? बिस्कीट देऊ?"

"डेबूक पाहिजे."

साहेबांनी पेन काढलं. "कसलं बुक? पासबुक का? त्यावर पत्ता असेल."

"अहो साहेब, बेडूक," माईकबाई म्हणाली. "बेडूक म्हणतेय ती." मग मुलीकडे वळून, "कुठाय तुझा डेबूक?"

मुलीचा चेहरा उजळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच कोणीतरी धड बोललं होतं. "आबांकले लाहिला. आबा हलवले ना!"

तेव्हा माईकबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी हरवलीच नव्हती, निदान तिच्या मते तरी. हरवले होते ते आबा. ती त्यांना शोधायला निघाली होती.

"आबा कुठल्या गाडीत बसले होते?"

"लाल."

काचेतून पंधरा गाड्या दिसत होत्या. पंधराच्या पंधरा लाल.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "दोन चाळीसला तीन गाड्या सुटतात. त्यातल्या एकीत हे आबा बसून गेले, तर संध्याकाळपर्यंत ही आपल्याकडे. तीन गाड्यांत माणूस पाठवावा म्हटलं तर माणूस कुठाय? सगळे जेवायला गेलेत. पुन्हा एकदा पुकारा."

माईकबाई आत जाऊन बसली. बटण दाबण्याआधी थांबली. दोनदा पुकारून कोणी आलं नव्हतं, तिसऱ्यांदा का येईल? तेच शब्द, तोच सूर. तिला स्वतःलासुद्धा आपल्या घोषणा ऐकू येईनाशा झाल्या होत्या, मग लोकांना काय येणार? निळ्या फ्रॉकची मुलगी म्हणजे कोणाची तरी मुलगी. आपली तर आपल्या माणसांजवळ आहे, असंच प्रत्येकाला वाटत असणार.

बेडकाचा डेबूक झाला, तर नमुका म्हणजे मनुका असणार. तिने मागे वळून हळूच हाक मारली, "मनुका!"

मुलगी वेळापत्रकाची पानं उलटत राहिली.

"नमुका!"

मुलीने झटकन मान वर केली.

म्हणजे घरात नमुकाच म्हणत असणार. माईकबाईच्या घरीही तसंच होतं. नातवाने रिमोटला मिरोट म्हणायला सुरुवात केल्यापासून घरात रिमोट असा कोणी शब्दच उच्चारत नव्हतं. दिवा बंद करायचा असला की तो "अंधार लाव" म्हणे, आणि आता त्याची आईही दमून आली की म्हणायची, "बाबा, जरा अंधार लावा ना." टोपीला तो डोकेमोजा म्हणत असे. माईकबाईने त्याला सुधारायचा प्रयत्न केला होता, पण चार माणसांत एकटी किती पुरी पडणार!

"साहेब," ती काचेतून म्हणाली, "नंतर काय बोलायचं ते बोला."

"म्हणजे?"

तिने बटण दाबलं. घसा साफ केला. आणि सव्वीस वर्षांच्या त्याच स्वच्छ, ठाशीव आवाजात ती बोलू लागली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नमुका नियंत्रण कक्षात आहे. नमुकाचे आबा हलवले आहेत. आबांच्या जवळ डेबूक आहे. आबांनी डेबूक घेऊन त्वरित नमुकाकडे यावे. पुन्हा एकदा ऐका. नमुकाचे आबा हलवले आहेत."

चहावाल्याचा हात किटली धरून तसाच राहिला. रांगेतली माणसं वर कर्ण्याकडे बघू लागली. कोणीतरी म्हणालं, "माईकबाईंना काय झालं?" आणि मग हशा उसळला. कंट्रोलरसाहेबांनी डोकं धरलं. "अहो बाई, डेपो मॅनेजर वरच बसलेत!"

तेवढ्यात नऊ नंबरच्या फलाटावर सुटायच्या बेतात उभ्या असलेल्या गाडीत गडबड उडाली. दार उघडलं आणि एक म्हातारे गृहस्थ खाली उतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हिरवी, बेडकाच्या तोंडाची पाण्याची बाटली. "थांबा! थांबा!" ते धावता धावता कोणाला म्हणत होते कोण जाणे. त्याच वेळी स्वच्छतागृहाच्या रांगेतून वाट काढत एक तरुण बाई ओल्या हातांनी पळत सुटली. दोघं कंट्रोल रूमच्या दारात एकमेकांवर आदळलेच.

"आबा, मी तिला तुमच्याजवळ सोडून गेले होते ना!"

"अगं सूनबाई, ती तुझ्यामागे पळाली. मला वाटलं, तुझ्याबरोबर आहे."

"दोनदा पुकारलं हो," साहेब म्हणाले. "निळा फ्रॉक, तीन वर्षं."

आबांचा चेहरा पडला. "ऐकलं. दोन्ही वेळा ऐकलं. शेजारच्या माणसाला म्हटलंसुद्धा, कसले निष्काळजी आईबाप असतात." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आणि मग एकदम नमुका ऐकलं. आमच्या घराबाहेर कोणाला माहीतच नाही हो तो शब्द."

मुलगी टेबलावर उभी राहिली. बाटली आधी ताब्यात घेतली, मग बोट उगारलं. "आबा, असं हलवायचं नाही!"

"नाही गं बाई. पुन्हा नाही हलवणार."

तिला कडेवर घेताना आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. माईकबाईचा हात तिने ओल्या हातांनीच धरला. "तुम्हाला कसं कळलं हो? आम्ही तिचे शब्द वहीत लिहून ठेवतो. आता तुमचं नावही लिहीन त्यात. तुमच्याकडे मुलगा की मुलगी?"

"मुलगी. मोठी आहे आता. नर्स आहे."

"ती काय काय म्हणायची?"

माईकबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. एकही शब्द आठवेना. "बरंच काही," ती म्हणाली आणि पटकन माईककडे वळली, कारण दोन चाळीसच्या गाड्या खोळंबल्या होत्या.

डेपो मॅनेजरांनी चार वाजता बोलावलं. ते रागावले असतील, असं धरूनच ती गेली. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बाई, लेखी काही देऊ का? अभिनंदनाचं?" मग त्यांना हसू आवरेना. "पण तो डेबूक म्हणताना तुमचा ड किती स्पष्ट होता हो!"

घरी आली तेव्हा ऊन भिंतीवर तिरपं झालं होतं. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणयंत्र चालू होतं. तो शिंपी, आयुष्यभर घरातच काम केलेला. मुलगी हॉस्पिटलमध्ये ड्यूटीला गेली की नातू त्याच्यापाशीच असे. आताही तो जमिनीवर रिकाम्या रिळांची रांग लावत बसला होता.

तिने चहा टाकला, कप घेऊन नवऱ्याजवळ स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला यंत्र थांबवावं लागलं. मग ती म्हणाली, "अहो, एक विचारू? आपली मुलगी लहानपणी काय म्हणायची? मला एकही शब्द आठवत नाहीये. बसमध्ये वाटभर आठवत होते. एकही नाही."

नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. "मशीनला शमीन म्हणायची. बाबा, शमीन चालव. बटणाला टबण. कात्रीला ताक्री."

"माझ्यासमोर कधीच नाही म्हणाली."

"नाहीच म्हणायची." दोरा ओवत असल्यासारखं त्याने सुईकडे बघितलं. "तू दारात आलीस की नीट बोलायला लागायची. तुझ्या चपलांचा आवाज ओळखायची ती. मी म्हणायचो, आई आली हं, आणि ती लगेच म्हणायची, म-शी-न. शाबासकी हवी असायची तुझी."

माईकबाई कपातल्या चहाकडे बघत राहिली. तिला आठवत होतं, आपण शेजाऱ्यांना किती कौतुकाने सांगायचो: आमच्या मुलीच्या तोंडी तीन वर्षांची झाल्यावर एकही चुकीचा शब्द नाही.

"मग तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"तुला त्रास झाला असता. आणि खरं सांगू, माझ्याकडेही राहावं काहीतरी, असं वाटायचं." तो ओशाळं हसला. "दिवसभर तू आमच्याकडे नसायचीस ना. कोणी विचारलं की सांगायची, आई माईकात गेली. एकदा मी तिला स्टँडवर आणलं होतं. तुझा आवाज आला, तशी खांबाखाली उभी राहून कर्ण्याकडे बघून म्हणाली, आई, खाली ये."

"मला कुठे भेटलात तेव्हा?"

"नाही भेटलो. तुझी घोषणा चालू होती. लांबून काचेतून बघितलं आणि परत आलो."

तिचा कप रिकामा झाला, तरी हातातच होता. नातवाने रिळांची रांग तिच्या पायापर्यंत आणली आणि पायाला वळसा घालून पुढे नेली. तिने पाय हलवला नाही.

"अजून सांगा," ती म्हणाली.

"अजून..." नवऱ्याने बोटातली धातूची टोपी काढली. जाड कापड शिवताना सुई टोचू नये म्हणून तो ती घालत असे. "या अंगुस्तानला काहीतरी म्हणायची. फार मजेशीर होतं. रोज मागायची खेळायला. काय बरं..." तो डोळे मिटून बसला. "नाही. गेलं."

"असं कसं गेलं? आठवा ना."

"अगं, पंचवीस वर्षं झाली."

तिने ती टोपी घेतली आणि आपल्या बोटात घातली. फार सैल होती. मग तिने घसा साफ केला.

"गुंतासान?"

"छे."

"अंतुगसान?"

"नाही. शेवटी न नव्हताच बहुतेक."

"सुंगताना? गुस्तांगा?"

नातू रिळं सोडून आ वासून बघत होता. आजीच्या तोंडून असले आवाज त्याने कधी ऐकले नव्हते. तो खुदखुदायला लागला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि आणखी जोरात म्हणाली, "तांगुसना! स्तागुंना!"

नवऱ्याने डोळे उघडले. मान एका बाजूला कलली, जणू लांबून कोणी हाक मारली होती.

"ते नाही," तो म्हणाला. "पण जवळ आलीस. परत म्हण."

तिने परत म्हटलं.