आळस हा शब्द पुस्तकात नाही

नीलोला रविवारच्या सामन्यातूनच नव्हे, आइस हॉकीच्या संघातूनच काढायचं, हे कोच रायमोने ठरवलं होतं. सरावाहून घरी येऊन दारात बुटांवरचं बर्फ झटकता झटकता त्याने ते मुलीला, सेल्माला, सांगूनही टाकलं.

"आळशी झालाय तो गोलकीपर. आणि उद्धट."

पंधरा वर्षांची सेल्मा टेबलावर आरोग्यशिक्षणाचं पुस्तक उघडून बसली होती. नीलो तिच्याच वर्गात होता. तिने मान वर केली नाही.

"आळस? आमच्या पुस्तकात नाही हा शब्द."

"मग पुस्तक बदला."

"बाबा, तू दिवसभर गावातलं बर्फ हटवतोस. काळं बर्फ, भुसभुशीत बर्फ, वरून गोठलेलं, प्रत्येकाला वेगळं नाव आहे ना तुझ्याकडे?"

"असणारच. मीठ कुठे टाकायचं, खडी कुठे, ते त्यावरच ठरतं."

"मग माणसाच्या बाबतीत एकाच शब्दात का उरकतोस? आधी काय दिसलं ते सांग. नाव नंतर."

रायमोने कॉफी ओतून घेतली आणि नाइलाजाने आठवायला लागला. पक, ती खेळातली रबरी चकती, समोरून येतेय हे दिसूनही पोरगा जागचा हलत नाही. पूर्वी सामन्याला जाताना अख्ख्या बसला हसवायचा, आता काही बोललं की खेकसतो, नाहीतर झोपून राहतो. ओठाखाली निकोटीनची पुडी. एक थुंकली की लगेच दुसरी. आणि हो, सरावानंतर सगळे सॉनात, त्या तापलेल्या खोलीत वाफ घ्यायला बसतात, तिथे येत नाही.

सेल्माचं पेन थांबलं. "सॉनात येत नाही? कधीपासून?"

"पहिलं बर्फ पडलं तेव्हापासून असेल."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"अगं, सॉनात का आला नाहीस, असं कुणी कुणाला विचारतं का! ज्याची त्याची मर्जी."

यात खोटं काहीच नव्हतं. माणसाला त्याच्या जागी निवांत सोडणं हाच त्या गावातला आदर, आणि रायमो त्यातच वाढला होता. संघातल्या सगळ्यांनी नीलोचा हा असा आदर केला होता, कित्येक आठवडे.

"हे बघ," सेल्मा म्हणाली, "मजा म्हणून पुडी घेणं वेगळं. ती नसली की जीव कासावीस होतो, आणि नुसतं नेहमीसारखं वाटायलाही ती लागते, ते अवलंबित्व. उदास वाटणं येतं नि जातं. पण जे जिवापाड आवडायचं त्यातलाच रस आटला, आणि ते आठवडेच्या आठवडे टिकलं, तर ते नैराश्य असू शकतं. असू शकतं म्हणतेय मी. निदान डॉक्टर करतील. मी नाही, आणि तू तर नाहीच."

"मी तर नाहीच," रायमो पुटपुटला.

"तू फक्त विचार. मरून जावंसं वाटतं का, असं सरळ."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नसेल त्याच्या मनात, तर मीच भरवायचं?"

"विचारल्याने मनात येत नसतं, बाबा. लोकांनी अभ्यास करून पाहिलंय. असलंच मनात, तर बोलायला वाट मिळते."

रायमो तिच्याकडे बघत राहिला. हिला सायकल आपण शिकवली होती, आणि आज आपल्याला कधी जमलं नाही ते ही एवढ्या सहज सांगतेय.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर पोरं टॉवेल खांद्यावर टाकून सॉनाकडे पळाली. "कोच, ये ना, आज बाक तापलाय मस्त!" कुणीतरी ओरडलं. रायमोने नको म्हणून हात हलवला आणि तो कपडे बदलायच्या खोलीतच नीलोशेजारी बसला. नीलो एकाच बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधून सोडत होता.

"सॉनात येत नाहीस हल्ली."

नीलोने दचकून पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"तिथे फोन नाही, हेडफोन नाही, काही नाही. नुसता मीच असतो माझ्याबरोबर."

"आणि ते नको वाटतं."

"हं."

"नीलो, मरून जावंसं वाटतं का?"

सॉनातून तापल्या दगडांवर पाणी ओतल्याचा फुस्स आवाज आला, मग हसणं.

"कधी कधी."

"आज?"

"आज नाही." मग घाईघाईने, "आईला सांगू नकोस."

"सांगावंच लागेल रे. हे एकट्याने वाहायचं ओझं नाही. पण तू सांग. मी बाजूला बसतो. उद्या शाळेच्या नर्सकडेही मीच नेतो."

"आई म्हणेल नाटकं करतोय."

"मग मी म्हणेन की बर्फावर मी पुष्कळ पोरं पाहिली, एवढं धाडस कुणी केलं नाही."

हे तो बरं वाटावं म्हणून म्हणाला नव्हता. अंगावर सुसाट येणाऱ्या पकसमोर उभी राहणारी पोरं त्याने घडवली होती. पण 'कधी कधी' हे दोन शब्द असे उघड्यावर काढून ठेवणं त्याला स्वतःला या वयातही जमलं नसतं.

"आणि संघ?" नीलोने विचारलं.

"रविवारी खेळायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवू. पण संघात तू आहेस."

नीलोने खिशातून फोन काढला. आईचं नाव समोर होतं, अंगठा वरच अडला होता. या वेळी रायमो त्याला निवांत सोडून उठून गेला नाही. मग अंगठा टेकला, आणि फोन वाजायला लागला.