हिरव्या पाण्याचा आकडा

उपग्रह तोबा सरोवरावरून जायचा त्या सकाळी तिऊर होडी घेऊन मासळीच्या पिंजऱ्यांपाशी जाई. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची आणि तो आकडा फोनवरून मेदान शहरातल्या रुमोंदांग नावाच्या संशोधक पोरीला कळवायचा. "उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, पण पाणी किती गढूळ ते तुम्हीच सांगायचं," असं तिने गावाला समजावलं होतं.

त्या दिवशी तबकडी हातभर खाली गेली न गेली तोच हिरव्या पाण्यात गडप झाली.

शेजारच्या पिंजऱ्यात खाद्य टाकणारा तिचा दीर पोल्तक थबकला. "काय झालं, वहिनी?"

"पाणी बिघडलंय, भावजी."

"मग दोन हात वाढवून सांगा. वर आभाळात कोण बघतंय? पिंजरे हलवायला लावले तर धंदा बुडेल, मग काय तबकडी शिजवून खायची?"

तिऊरने दोरीवरची खूण पुन्हा एकदा पाहिली. मागे मासे मेले तेव्हा तिने आणि नवऱ्याने फावड्याने खड्डे भरले होते. हाताचा वास कितीतरी दिवस गेला नव्हता. तिने खरा आकडा पाठवला.

संध्याकाळी रुमोंदांगचा फोन आला. उपग्रहाच्या चित्रातही हिरवा डाग नेमका त्यांच्याच पिंजऱ्यांभोवती होता. "मावशी, वारा पडणार आहे. पाणी ढवळलं जाणार नाही, मासे गुदमरतील. खाद्य बंद करा आणि पिंजरे मोकळ्या पाण्यात न्या."

"घरच्याच माणसानं गावभर शोभा केली!" पोल्तक कडाडला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिऊर फक्त शेजारणीला सोबत घेऊन नांगराच्या दोऱ्या सोडू लागली. पिंजरा जागचा हलेना. तेवढ्यात मोटरबोटीचा आवाज आला.

"सरका बाजूला," पोल्तक तिच्याकडे न बघता म्हणाला. "हा पिंजरा आहे, म्हशीचं रेडकू नाही ओढून न्यायला."

"तुमचे पिंजरे?"

"आधी तुमचे नेतो. माझे कुठे पळून चाललेत?"

दुपारपर्यंत दोघांचेही पिंजरे बाहेर गेले. मग बाकीचेही हलले. वारा खरंच पडला. काही मासे दगावले, पण बहुतेक जगले.

रविवारी चर्च सुटल्यावर गावाने ठरवलं: आधी पिंजरे होते तो कोपरा मोकळा ठेवायचा, पिंजरे कमी करायचे. पिंजरे लांब गेल्याने डिझेल जास्त जळतं म्हणून पोल्तक अजून कुरकुरतो. पण संध्याकाळी पाणी निवळलेल्या त्याच कोपऱ्यात पोरांना पोहायला शिकवताना त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू येतो.