पात्याखालची फुलं

लाकडी चौकटीत बरोबर एक चौरस मीटर हिरवळ मावली. तिच्यात पिवळी फुलं एकेचाळीस. सगळ्यात उंच साडेपाच सेंटिमीटर, सगळ्यात बुटकं साडेतीन. मग चौकट उचलून मी प्रार्थनाघराच्या मागच्या भिंतीपलीकडे गेले. तिथलं गवत कोणी कधीच कापत नाही. तेवढ्याच जागेत तिथे फुलं सदतीस. सगळ्यात बुटकं चौदा, सगळ्यात उंच तेवीस.

"झालं समाधान?" आत्याने भिंतीवरून विचारलं. गवत कापायचं मशीन शेजारी उभं आणि तिचे दोन्ही हात कमरेवर. "अर्धा तास मी हेच सांगतेय, तर म्हणे मोजल्याशिवाय लिहिता येत नाही. मोजपट्टी कुठली!"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. अठ्ठावीस वर्षं ती या प्रार्थनाघराची हिरवळ राखते आहे. आठवड्यातून दोनदा कापते. पातं जमिनीपासून सहा सेंटिमीटरवर असतं, कारण पहिल्या दिवशी कोणीतरी ते तसं लावून दिलं आणि पुढे बदलायचं कारण पडलं नाही. सकाळची प्रार्थना ती चुकवत नाही, पण बसते दाराशी, कारण बुटांना चिखल असतो. हा मोसम संपला की काम सोडायचं तिने ठरवलं होतं. गुडघे.

मी फॉर्म घेऊन आले होते. लोक उत्क्रांतीबद्दल कुठे शिकतात आणि त्यांची श्रद्धा त्या समजुतीला कसं वळण देते, अशी विद्यापीठाची पाहणी होती. दोनशे अकरा फॉर्म भरून झाले होते. शेवटचा घरच्याच माणसाकडून पटकन भरून घेऊ, असा माझा हिशेब.

"सर्व सजीव देवाने निर्माण केले, हे तुम्हाला मान्य आहे का?"

"हे काय विचारणं झालं? लिही, हो."

"सजीव पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात, हे मान्य आहे का?"

"हो."

"दोन्हीला हो?"

"का? तुझ्या फॉर्मात एकच हो मिळतो?"

तिसरा प्रश्न, हे तुम्ही कुठे शिकलात. शाळा, पुस्तकं, टीव्ही, संग्रहालय, प्रार्थनास्थळ, इतर.

"प्रार्थनाघरात."

"म्हणजे गुरुजींच्या प्रवचनात?"

"गुरुजींना गवतातलं काय कळतंय! इथे मागे शिकले, या मशीनच्या पाठी चालून." तिने पायाकडे बोट दाखवलं. "मी कामाला लागले तेव्हा ही फुलं माझ्या पोटरीला लागायची. पातं फिरलं की ज्यानं मान वर काढली त्याची गेली. बी धरायच्या आत गेली. एखादं खुजं असायचं, ते खाली वाचायचं. पुढच्या वर्षी अंगणात त्याचीच पोरं. आता बघ, सगळं खुज्यांचं राज्य."

"आणि यात देव कुठे आला?"

"देवाने मला केलं, मी गवत कापलं. भांडण कशाचं लावतेस?"

म्हणून मी मोजलं. आकडे तिच्या बाजूने होते. तेवढ्यावर लिहून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं, पण राहवलं नाही.

"आत्या, एक अडचण आहे. सारखं कापलं की तेच झाड आखूड वाढतं. कापायचं थांबलं की परत उंच होतं. मग ती पिढी बदलली असं नाही म्हणता येत."

तिने फडकं काढलं आणि मशीनचं पातं पुसायला घेतलं. पातं स्वच्छच होतं.

"बागखात्याचे साहेब आले होते, तेही हेच म्हणाले. हसून. दहा वर्षं झाली त्याला. तेव्हापासून कोणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगितलं." फडकं बाजूला ठेवून तिने विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं बघत होते?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण कळू शकेल."

हे झाड दरवर्षी बियांपासून नव्याने येतं आणि बी जड असल्यामुळे जागच्या जागी गळतं. हिरवळीवरचं आणि भिंतीमागचं बी आम्ही दोन पाकिटांत जमवलं. आत्याच्या गच्चीवर चोवीस कुंड्या मांडल्या. माती तीच, ऊन तेच, पाणी तेच. कात्री लावायची नाही. न कापताही हिरवळीचं बी खुजंच राहिलं तर आत्या बरोबर, उंच झालं तर साहेब. कुठल्या कुंडीत कुठलं बी, हे मात्र आम्हा दोघींना कळता कामा नये.

"कळलं तर तू खुज्यांचे लाड करशील," मी म्हणाले.

"आणि तू उंचांचे. साहेबांची बाजू घेतलीस ना!"

तेही खरंच होतं. पेरायचं काम गुरुजींकडे गेलं. "निकाल काही लागो, देव जागचा हलायचा नाही," असं म्हणत त्यांनी बाह्या वर सारल्या, कोपरापर्यंत माती करून घेतली आणि कुंड्यांच्या नंबरांची यादी आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिली.

आत्या रोज सकाळी पाणी घालताना काहीतरी पुटपुटायची. मी बजावलं, सगळ्या कुंड्यांना सारखं व्हायला हवं.

"मग? नंबर बघून आशीर्वाद देते की काय मी?"

मी वहीत नोंद केली: प्रार्थना, रोज, चोवीस कुंड्या.

पाचव्या आठवड्यात सतरा नंबरची कुंडी सुकली. "माझी होती की भिंतीमागची?" तिने गुरुजींना दोनदा विचारलं. गुरुजी दोन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोलले. उरलेल्या तेवीस कुंड्यांशी ती त्या दिवसांत जरा जपूनच वागली. संध्याकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसायची आणि मला फोन करून सांगायची, "आज चार नंबरनं कळी धरली." आवाजावरून वाटायचं, काम सोडायची तारीख ती विसरली आहे.

अडीच महिन्यांनी सगळी फुललेली होती. काही दांडे उंच, काही नाहीत, एवढं डोळ्यांना दिसत होतं; कोण कुठलं ते दिसत नव्हतं. आत्याने चष्मा पुसून लावला, गुडघे सांभाळत खाली बसली आणि एकेक दांडा स्वतः मोजला. मी लिहीत गेले. आकडा सांगताना ती प्रत्येक वेळी पट्टीवर नख ठेवून थांबायची, मी परत म्हणेपर्यंत.

मग गुरुजींनी पुस्तक उघडलं आणि यादी वाचायला सुरुवात केली. आत्या उठून पलीकडे गेली. आमच्याकडे पाठ करून कुंड्यांमधली वाळकी पानं वेचत राहिली. ती संपली तरी वेचत राहिली.

मी बेरीज दोनदा केली. दोनशे बारावा फॉर्म इतके दिवस माझ्या पिशवीतच होता. काढला, तिसऱ्या प्रश्नात 'प्रार्थनास्थळ'वर खूण केली, आणि खाली 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा होती तिथे लिहिलं. लिहिता लिहिता आत्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं:

"हिरवळीचं बी, अकरा कुंड्या, दांड्याची सरासरी उंची पाच पूर्णांक चार दशांश सेंटिमीटर. भिंतीमागचं बी, बारा कुंड्या, सरासरी सतरा पूर्णांक एक दशांश."