आधी खड्डा, मग घर

मित्रांनो, ज्या कोनाड्यात मी आज पडून असतो, तिथून एक खिडकी आणि अर्धी जास्वंद एवढेच दिसते. पण समुद्र मी पाहिलेला आहे, आणि तोही नुसता काठावरून नव्हे. मी एक जुना धोटा आहे. मागावरच्या उभ्या सुतांमधून आडवे सूत घेऊन जो दिवसभर इकडून तिकडे पळतो, तोच मी.

येळ्ळूरच्या रवळू सुताराने मला शिसवीच्या एका जुन्या खांबातून कोरले. दोन्ही टोकांना पितळी टोप्या चढवल्या, पोटात सुताच्या कांडीसाठी जागा केली. मी तयार झालो तेव्हा त्याची बायको म्हणाली, ही होडी कुठल्या नदीत सोडणार? रवळू म्हणाला, सुताच्या. त्या दोघांना काय ठाऊक, माझ्या कपाळी खरेच काय लिहिले होते!

मी बेळगावजवळच्या शहापुरात सुबराव विणकराच्या घरी आलो. आमचा माग जमिनीतला. घरातच कमरेइतका खड्डा खणायचा, विणकराने काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचे आणि तिथल्या लाकडी पावट्या पायांनी दाबायच्या. हात वर, पाय पाताळात आणि मधे साडी. मृगात खड्डा किंचित ओल धरी, ती सुताला मानवे. गल्लीत एक रीत होती. नवे घर घ्यायचे, तर इसाऱ्याचे आगाऊ पैसे देण्याआधी तिथे मागाचा खड्डा काढून पाहायचा, त्यात हळदकुंकू वाहून धोटा ठेवायचा, आणि माग बसला तरच ते घर. भिंती, दारे, खिडक्या हे सगळे मग मागाच्या मागून.

सुबरावला त्याच्या थोरल्या बहिणीने, बायाक्काने, आईबापांच्या मागे वाढवलेले. ती सूत उकली, बायको चंपाबाई कांड्या भरी, आणि मी पळे. माझे कौतुक फार. साडीचा काठ सरळ आला की सुबराव मला कपाळाला लावी. असे दिवस चालले होते. मग दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या थोडे आधी, एका दिवाळीत, चंपाबाईचा भाऊ चिंतामणी वेंगुर्ल्याहून आला आणि आमच्या घरात समुद्र शिरला.

चिंतामणीचे तिथे कापडाचे दुकान. तो सांगू लागला, बंदराजवळ एक घर विकाऊ आहे, ओटीवर बसले की आगबोट दिसते, मुंबईचे चाकरमानी पैसे घेऊन तुटून पडलेत. शहापूरचे घर विकून ते घ्यावे, साड्या थेट बंदरावर विकाव्यात.

"माडावर माणूस चढावा तसा भाव चढतोय, दाजी," तो म्हणाला.

शेजारचा यमनाप्पा पान लावत बसला होता. "माणूस उतरतोय बी की रं."

"भाव उतरत न्हाय."

चिंतामणी गेला, पण सुबरावच्या डोक्यातली आगबोट गेली नाही. त्याने मला उजवीकडून फेकले की मनात म्हणे, जावं. डावीकडून फेकले की म्हणे, ऱ्हावं. मित्रांनो, इकडून तिकडे जाणे हा माझा धंदा आहे, पण माणसाने तो करू नये. दमतो. चंपाबाईचा जीवही टांगणीला लागला होता. कांड्या भरता भरता ती गुणगुणे,

समुद्राच्या काठी । घराला किती दारं
एका दारी लाट । एका दारी वारं
माझ्या शापुरात । एकच दार बाई
मागाच्या आवाजाला । अडसर कोणी न्हाई

या जावं-ऱ्हावंच्या नादात सुबरावने एक अंजिरी साडी विणली. ती मागावरून उतरवून पसरली, तर तिला दोन्ही टोकांना पदर! सुरुवातीला एक विणला होता हे तो विसरला आणि शेवटी दुसरा विणून मोकळा झाला. यमनाप्पाने दोन्ही टोके हातात धरून पाहिली आणि विचारले, "सुबराव, ही दोघींनी मिळून नेसायची व्हय?" व्यापाऱ्याने साडी घेतली नाही. बायाक्काने ती घडी करून ट्रंकेत टाकली.

त्याच दिवशी ती भावाला म्हणाली, "असा लोंबकळू नगंस. जा, बघून ये. पर इसारा द्यायच्या आधी खड्डा काढून बघ."

ती स्वतः घर राखायला मागे राहिली. सगळ्यांना वाटले, म्हातारी काहीतरी करून मोडता घालणार.

आम्ही सर्व्हिस मोटारीने निघालो. मी सुबरावच्या बंडीच्या खिशात, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी. आंबोलीचा घाट उतरताना चंपाबाईने शपथ घेतली की या वाटेने पुन्हा जन्मात येणार नाही. पण वेंगुर्ल्यात उतरली, त्या घराच्या ओटीवर उभी राहिली, आणि तिची शपथ वाऱ्यावर गेली. समोर निळे पाणी, दारात माड, अंगणात गुलबक्षी. इतके दिवस एकाच दाराच्या ओव्या गाणारी बाई नवऱ्याच्या कानात म्हणाली, "अहो, घेऊन टाका."

घरमालक बाबल शेट हुशार माणूस. आम्ही आत शिरताच एक गिऱ्हाईक बाहेर पडले, आणि चहा येईपर्यंत दुसरे आत डोकावून गेले. दोघेही वहाणा दारातच सोडून अनवाणी गेले, म्हणजे घरचीच माणसे गिऱ्हाईक बनून आली होती, हे मला खिशातून दिसले. सुबरावला दिसले नाही. त्याचा हात इसाऱ्याच्या पिशवीकडे गेला. तेवढ्यात त्याला आक्काचे शब्द आठवले.

तो म्हणाला, माजघरात एक खड्डा काढू द्या. बाबल शेटला वाटले, या लोकांना पुरलेल्या धनाचा सुगावा लागला आहे. म्हणून तो स्वतःच फावडे घेऊन आला, आणि सगळ्यांत जोराने तोच खणू लागला. माती भुसभुशीत, खड्डा भराभर होत गेला. गुडघाभर झाला. सुबराव काठावर बसला, पाय आत सोडून बघतो म्हणाला, आणि एकदम पाय वर घेतले. तळाशी पाणी! बघता बघता ते घोट्यापर्यंत चढले. बाहेर भरती लागली होती. मग पाण्यातून एक खेकडा निघाला, त्याने आम्हा सगळ्यांकडे नीट पाहिले, आणि तो तिरका तिरका चालत चुलीकडे गेला.

रीत ती रीत. सुबरावने हळदकुंकू वाहिले आणि मला खड्ड्यात ठेवले. मित्रांनो, मी तरंगलो. आयुष्यभर सुतात पळालेला मी, गोल गोल फिरत राहिलो. पितळी टोप्यांना खारट चव लागली. रवळूची होडी पाण्यात पडली ती अशी.

बाबल शेट मात्र उजळला. "बघा, घरात बाव इली! कोणाच्या घरात विहीर असता काय? आता किंमत वाढतली."

घर दाखवायला आलेल्या चिंतामणीने कपाळाला हात लावला, पण हार मानली नाही. तो म्हणाला, "दाजी, माग सोडा की. माझ्या दुकानात गादीवर बसा. गादीला खड्डा लागत न्हाय."

 मला तेव्हा कळले की इथे माझाही सौदा चालला आहे. सुबराव खड्ड्यात बघत होता, चंपाबाई समुद्राकडे. मग ती वळली. वाकून तिने मला पाण्यातून उचलले आणि पदराने पुसले, आधी पाठ, मग पोट, मग दोन्ही टोप्या.

"ओटी लई चांगली हाय," ती म्हणाली. "पर ह्या घरात तुमी पाय कुठं सोडायचे?"

सुबराव उठला. इसाऱ्याची पिशवी त्याने कमरेला घट्ट बांधली आणि बाबल शेटला नमस्कार केला. बाबल शेटने खड्डा बुजवायची मजुरी मागितली. ती मात्र चिंतामणीने मुकाट्याने दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहापुरात उतरलो. सुबराव खुशीत होता. आक्काला हवे तेच झाले, असे त्याला वाटत होते. पण दारात पाहतो तर काय, बायाक्का गाठोड्यावर बसलेली. भांडी पोत्यात. लोणच्याची बरणी यमनाप्पाच्या घरी देऊन टाकलेली, आणि तिथे ती निम्मी संपलेली.

"कवा निघायचं?" तिने विचारले.

सुबरावने खाली मान घालून सगळे सांगितले. पाणी, खेकडा, मी तरंगलो ते. ती ऐकत राहिली. मग गाठोड्याची गाठ सोडू लागली, तर ती काही लवकर सुटेना.

"मी खड्डा काढ म्हटलं ते मोडायला न्हवं रं," ती म्हणाली. "मला वाटलं, तिथली माती मऊ, माग लवकर बसंल. समुद्र एकदा बघायचा हुता."

मित्रांनो, त्या दिवशी माग वाजला नाही.

पण संक्रांत झाल्यावर चंपाबाईने आपली शपथ दुसऱ्यांदा मोडली, आणि आम्ही सगळे पुन्हा मोटारीत बसलो. या वेळी घर बघायला नव्हे. मला बायाक्कानेच बरोबर घेतले. ह्यो पोहतोय म्हणं, मला बघू दे, म्हणाली. ती नेसली होती अंजिरी साडी, दोन पदरांची. एक पदर खांद्यावर, आणि दुसरे टोक, जे कमरेत खोचायचे, ते तिने हौसेने मोकळे सोडलेले. ओल्या वाळूत ती पाय लांब करून बसली. लाट आली, तिने तो दुसरा पदर अलगद धरला, भिजवला आणि सोडला. पुन्हा आली, पुन्हा धरला.

बराच वेळ बायाक्का लाटांकडे बघत राहिली. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"सुबराव," ती म्हणाली, "ह्याचं कापड कवा उतरायचं रं?"

"उतरत न्हाय आक्का. विणतच ऱ्हातंय."

ती हसली. मग मला ओंजळीत धरून तिने पाण्यात सोडले, आणि मी दूर जाऊ लागलो तसे चटकन पकडून पोटाशी घेतले.

आता बायाक्का नाही. देश स्वतंत्र झाला, गल्लीच्या टोकाला विजेचे माग आले, त्यांचे धोटे माझ्याकडे बघतही नाहीत. आमच्या घरातला खड्डा मात्र कोरडा आहे, आणि सुबराव सणासुदीला अजून त्यात पाय सोडून बसतो. मित्रांनो, घर घ्याल तेव्हा ओटी बघा, वारा बघा, पण घरातल्या प्रत्येकाला पाय सोडायला जागा आहे का, ते आधी बघा. आणि माझ्यासारखा एखादा जुना धोटा कोनाड्यात दिसला, तर त्याने पाठ खाजवू नका, त्याला खिडकीची खुंटी करू नका. वर्षातून एकदा दोन थेंब तेल लावा. माझ्या पितळी टोपीला अजून मिठाची चव आहे, तेवढी मात्र पुसू नका.